कारखाना चीनला गेला, नदी परत आली : डॉर्टमुंडच्या ह्योर्डे उपनगराचं प्रकरण

जर्मनीच्या रूर खोऱ्यातल्या डॉर्टमुंड शहराच्या दक्षिण भागात ह्योर्डे नावाचं उपनगर आहे. तिथे आज २४ हेक्टरांचं तळं पसरलंय. लांबी सव्वा किलोमीटरच्या आसपास, रुंदी तीनशे मीटर. काठावर फिरायला आणि सायकल चालवायला रस्ता, शिडाच्या छोट्या होड्या, दक्षिणेच्या उतारावर पांढऱ्या भिंतींची महागडी घरं. २००१ च्या एप्रिलपर्यंत याच जागेवर पोलादाचा कारखाना चालू होता. तो बंद पडला, एका चिनी कंपनीने विकत घेतला, सुटा करून जहाजातून नेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर शहराने तळं खोदलं.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘उजाड कारखान्याचं नंदनवन झालं’ अशी सांगितली जाते. नगररचनेच्या वर्गात, महापौरांच्या अभ्यासदौऱ्यांत, वास्तुरचनेच्या मासिकांत तिचं कौतुक होतं आणि त्यातलं बरंचसं रास्त आहे. पण मला वाटतं, या प्रकरणात दोन वेगळे हिशेब एकत्र मिसळले गेले आहेत. एक जमिनीचा आणि पाण्याचा, दुसरा पोटापाण्याचा. पहिला हिशेब डॉर्टमुंडने फार चांगला चुकता केला. दुसरा तसा झाला नाही, आणि पहिल्याच्या झगमगाटात तो दिसेनासा होतो. म्हणून इथे दोन्ही वेगवेगळे मांडतो.

गढीच्या आवारातली भट्टी

इझरलोन गावचा उद्योजक हेर्मान डीडरिश पीपेनश्टोक याने १८४१ मध्ये ह्योर्डेच्या जुन्या गढीजवळ लोखंडाचा कारखाना काढला. जागा निवडण्यामागे साधा व्यवहार होता : जमिनीखाली दगडी कोळसा, बाजूने वाहणारी एम्शर नदी, आणि लवकरच येऊ घातलेली रेल्वे. कोलोन ते मिंडेन हा लोहमार्ग १८४७ मध्ये डॉर्टमुंडवरून सुरू झाला आणि रुळांना, चाकांना, धावांना गिऱ्हाईक मिळालं. पीपेनश्टोक तोवर वारला होता. १८५२ मध्ये त्याच्या कारखान्याची भागभांडवल कंपनी झाली आणि गावाच्या पश्चिमेला झोतभट्ट्या उभ्या राहिल्या. तेव्हापासून दीडशे वर्षं ह्योर्डेचा संसार दोन टोकांवर चालला. पश्चिमेला कच्चं लोखंड वितळायचं, पूर्वेला त्याचं पोलाद व्हायचं आणि मधे गाव.

वितळलेलं लोखंड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला रेल्वेने जायचं, तेही गावाच्या मधून. त्या गाडीला लोकांनी ‘एलियास’ हे नाव दिलं होतं, बायबलमधल्या अग्निरथातून स्वर्गात गेलेल्या प्रेषिताचं. कारखान्यातला जादा वायू जाळणारी उंच चिमणी रात्री पेटलेली दिसायची, तिला ह्योर्डेची मशाल म्हणत. या दोन नावांवरून त्या गावाचं कारखान्याशी नातं कसं होतं याची कल्पना येते. धूर होता, धुळीने खिडकीत वाळत घातलेले कपडे काळे पडायचे, आणि तरी ते सगळं घरचंच मानलं जायचं.

ह्योर्डेचं नाव पोलादाच्या इतिहासात आलं ते २२ सप्टेंबर १८७९ या तारखेमुळे. त्याआधी वितळलेल्या लोखंडात हवा फुंकण्याच्या बेसेमरच्या पद्धतीने पोलाद होत असे, पण ती पद्धत फॉस्फरस असलेल्या लोखंडाला चालत नव्हती. भट्टीचं आतलं अस्तर आम्लधर्मी असल्यामुळे फॉस्फरस बाहेर पडत नसे, आणि फॉस्फरस राहिलेलं पोलाद थंडीत ठिसूळ होऊन तडकतं. जर्मनीच्या आवाक्यातलं बरंचसं खनिज नेमकं फॉस्फरसने भरलेलं. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस हा लंडनच्या पोलीस कोर्टात कारकुनी करणारा तरुण. संध्याकाळी रसायनशास्त्र शिकून, आपल्या रसायनज्ञ मामेभावाच्या मदतीने त्याने उपाय काढला : अस्तर डोलोमाइट या अल्कधर्मी खडकाचं करायचं आणि वितळलेल्या लोखंडात चुना घालायचा. चुना फॉस्फरसला बांधून घेतो आणि वर तरंगणाऱ्या मळीतून बाहेर काढतो. युरोपच्या मुख्य भूमीवर या पद्धतीचं पहिलं पोलाद त्या दिवशी ह्योर्डेत आणि राइनकाठच्या रूरोर्टमध्ये ओतलं गेलं. निघालेली फॉस्फरसयुक्त मळी दळून शेतकऱ्यांना खत म्हणून विकली जाऊ लागली.

त्या पद्धतीचा एक कन्व्हर्टर आज तळ्याच्या काठाशी उभा आहे. माणसाच्या कित्येक पट उंचीचं, पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळतं लोखंडी भांडं. जवळ गेलं की त्याच्या दोन्ही बाजूंचे जाडजूड खुंटे दिसतात. त्यांच्यावरच ते भांडं कलंडवलं जायचं : आडवं करून लोखंड भरायचं, उभं करून तळातून हवा फुंकायची, पुन्हा आडवं करून पोलाद ओतायचं. वीसेक मिनिटांत काम. ज्वालेचा रंग पाहून आत काय झालंय हे ओळखणारी माणसं त्या काळी कारखान्याचा आधार होती.

पाणी कुठे गेलं

या प्रकरणात नदीकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं. माझ्या मते खरी गोष्ट तिचीच आहे.

एम्शर ही लहानशी नदी डॉर्टमुंडच्या पूर्वेला होल्त्सविकेडेजवळ उगम पावते आणि रूर खोऱ्याच्या मधोमध वाहत राइनला मिळते. खाणी खोल गेल्या तशी वरची जमीन खचू लागली, काही ठिकाणी कित्येक मीटर. नदीचा उतार बिघडला, पाणी तुंबलं, वस्त्यांचं आणि खाणींचं सांडपाणी रस्त्यांवर साचू लागलं, रोगराई पसरली. जमिनीखाली गटारं घालावीत तर जमीन खचताना ती फुटणार. तेव्हा १८९९ मध्ये नदीकाठच्या पालिका, खाणी आणि कारखाने यांनी मिळून एम्शर सहकारी संस्था स्थापन केली, आणि ठरवलं की नदीलाच गटार करायचं. पात्र सरळ केलं, तळाशी काँक्रीटच्या लाद्या बसवल्या, दोन्ही बाजूंना बांध घातले. पुढची शंभर वर्षं लाखो लोकांचा मैला उघड्या पात्रातून वाहत राहिला. रूरमधले लोक अशा नाल्यांना सरळ ‘गूचा ओढा’ म्हणत. मुलांना तिथे जायला सक्त मनाई असे, कारण त्या गुळगुळीत काँक्रीटवरून पाय घसरला तर वर येता येत नसे.

ह्योर्डेत तर नदी डोळ्यांसमोरूनच गेली. पूर्वेच्या पोलाद कारखान्याला जागा कमी पडू लागली म्हणून तिला पाइपात घालून कारखान्याखालून नेलं. जी नदी पाहून पीपेनश्टोकने जागा निवडली, ती पुढच्या कित्येक पिढ्यांनी पाहिलीसुद्धा नाही.

हा निर्णय त्या काळात चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पटकी आणि विषमज्वर समोर असताना, जमीन पायाखालून सरकत असताना दुसरा मार्ग नव्हता. महत्त्वाचं हे की संस्था टिकली. दोन महायुद्धं, १२ मार्च १९४५ चा तो भयंकर हवाई हल्ला ज्यात हजाराहून अधिक विमानांनी डॉर्टमुंडवर बॉम्ब टाकले, नंतरची भरभराट, नंतरची मंदी, या सगळ्यांतून सांडपाण्याची जबाबदारी एकाच संस्थेकडे राहिली. खाणकाम उत्तरेकडे सरकलं, जमीन खचणं थांबलं आणि १९९२ पासून तिनेच नदी परत नदी करायचं काम हाती घेतलं. सांडपाण्यासाठी ५१ किलोमीटरचा भूमिगत मुख्य नाला खोदला. खर्च साडेपाच अब्ज युरोंच्या घरात गेला. २०२१ संपताना एम्शर मैलामुक्त झाली. जवळजवळ तीस वर्षांचं काम, आणि मधे सत्ताधारी कितीदा बदलले तरी ते थांबलं नाही.

पोलाद का गेलं

डॉर्टमुंडचे लोक आपल्या शहराबद्दल बोलताना तीन गोष्टी एका दमात सांगत : कोळसा, पोलाद आणि बीअर. तिन्हींनी साधारण एकाच पिढीच्या काळात पाठ फिरवली. शहरातली शेवटची खाण, मिनिस्टर श्टाइन, १९८७ मध्ये बंद झाली. एकेकाळी बीअर गाळण्यात युरोपात आघाडीवर असलेल्या शहरातले बहुतेक कारखाने एकमेकांत विलीन होत संपले. पोलाद सगळ्यांत शेवटी गेलं आणि त्यासाठी लोक सगळ्यांत जास्त भांडले.

ह्योर्डेचा कारखाना १९६६ मध्ये होएश या डॉर्टमुंडच्याच मोठ्या पोलाद कंपनीत सामील झाला. होएशच्या उत्तरेकडच्या मुख्य कारखान्यात नवा पोलाद विभाग उभा करण्याचं आश्वासन होतं. ते मागे पडायला लागलं तेव्हा ‘पोलाद कारखाना आत्ताच’ अशी घोषणा देत नोव्हेंबर १९८० मध्ये ७० हजारांच्या आसपास लोक रस्त्यावर उतरले. त्यात कामगार होते, दुकानदार होते, पाद्री होते. कामगारांच्या बायकांनी आपली वेगळी संघटना काढली आणि १९८१ मध्ये उपोषणाला बसल्या. तो विभाग झाला नाही.

कारण शहराच्या भूगोलात होतं. पूर्वी खनिज आणि कोळसा दोन्ही जवळ होते. नंतर खनिज ब्राझीलसारख्या दूरच्या देशांतून बोटींनी येऊ लागलं, पुढे कोळसाही. ड्युसबर्ग राइनवर आहे, तिथे खनिजाची बोट थेट भट्टीच्या दारात लागते. डॉर्टमुंडला १८९९ मध्ये एम्स नदीला जोडणारा कालवा आणि बंदर मिळालं खरं, पण राइनशी त्याची बरोबरी होणं शक्य नव्हतं. प्रत्येक टनामागे पडणारा हा फरक पंधरा-वीस वर्षांत निर्णायक ठरला. क्रुप या पोलाद कंपनीने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला होएश गिळंकृत केली, मग १९९७ मध्ये क्रुप आणि तिची प्रतिस्पर्धी थिसेन यांचे पोलाद विभाग एक झाले, आणि नव्या कंपनीने वितळणारं पोलाद सगळं ड्युसबर्गला एकवटायचं ठरवलं. ह्योर्डेच्या पश्चिमेची झोतभट्टी १९९८ मध्ये विझली. पूर्वेला शेवटचं पोलाद २००१ च्या एप्रिलमध्ये ओतलं गेलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. कारखाना जुनाट होता म्हणून बंद पडला असं अनेकदा म्हटलं जातं. ते खरं नाही. तो चालू स्थितीत होता, इतक्या चांगल्या स्थितीत की जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला तो उचलून नेणं परवडलं.

तो माणूस म्हणजे शेन वेनरोंग, जिआंगसू प्रांतातल्या शागांग या पोलाद कंपनीचा प्रमुख. त्याने ह्योर्डेचा पोलाद विभाग घेतला, शिवाय डॉर्टमुंडच्या उत्तरेकडच्या कारखान्यातली मोठी सामग्रीही घेतली. सुमारे एक हजार चिनी कामगार येऊन राहिले. प्रत्येक तुळई, प्रत्येक नळी, प्रत्येक मोटर यांच्यावर खूण आणि क्रमांक घालून सुटे भाग पेट्यांत भरले गेले. एकूण वजन अडीच लाख टनांच्या घरात. सोबत आराखड्यांचे आणि नोंदींचे कागदच कित्येक टन, कारण त्यांच्याशिवाय यंत्र पुन्हा जोडता आलं नसतं. हे सगळं यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या झांगजियागांगला गेलं आणि तिथे पुन्हा उभं राहिलं. जर्मन जाणकारांनी धरलेल्या वेळेच्या कितीतरी आधी काम उरकलं.

ह्योर्डेतल्या निवृत्त कामगारांनी कुंपणापलीकडून हे पाहिलं. कारखाना गंजून पडला असता तर त्याचा शोक वेगळा झाला असता. इथे ज्या यंत्रावर आपण तीस वर्षं घालवली ते चालतंय, नफ्यात चालतंय, फक्त आपल्या गावात नाही. चीनने १९९६ मध्येच पोलाद उत्पादनात जगात पहिला क्रमांक गाठला होता आणि २०२० मध्ये एका वर्षात एक अब्ज टनांचा टप्पा ओलांडला. ह्योर्डेचा कारखाना त्या प्रवाहात एक लहानसा थेंब. पण ज्याचा तो होता त्याच्यासाठी तो संपूर्ण जगण्याचा आधार होता.

तळं कसं झालं

कारखाना गेल्यावर पूर्वेला सुमारे ९६ हेक्टर जागा उरली, शहराच्या केंद्रापासून अगदी जवळ, चारी बाजूंनी वस्ती. अशा जागेवर सहसा गोदामं आणि मोठी दुकानं येतात. डॉर्टमुंडच्या नियोजन विभागातून तळ्याची कल्पना आली तेव्हा अनेकांनी ती वेडगळ ठरवली. खणायचं कुठे, तर शंभर वर्षांचे काँक्रीटचे पाये, तेलाने आणि जड धातूंनी भरलेली माती, अधूनमधून युद्धातले न फुटलेले बॉम्ब.

कल्पना तगली याची माझ्या मते दोन कारणं. पहिलं, पैशाचा मार्ग सापडला. महापालिकेच्या मालकीच्या नागरी सेवा कंपनीने स्वतंत्र उपकंपनी काढून जमीन विकसित केली आणि काठावरचे भूखंड विकून खर्चाचा मोठा भाग भरून काढायचं ठरवलं. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, एम्शर संस्थेला त्याच जागेतून नदी वर आणायची होती आणि पुराच्या पाण्याला विसाव्याची जागा हवी होती. तळं हे त्या गरजेचं उत्तर ठरलं. मुसळधार पावसात एम्शर फुगली की जादा पाणी तळ्यात उतरतं आणि मग हळूहळू परत सोडलं जातं, म्हणजे खालच्या वस्त्या वाचतात. एरवी नदी तळ्याच्या उत्तरेने स्वतंत्र पात्रातून वाहते, दोन्ही पाणी मिसळत नाही. म्हणजे दिसायला जो शौकाचा जलाशय वाटतो तो मुळात पूरनियंत्रणाच्या कामाचा आहे. एम्शर संस्था नसती, तिचं तीस वर्षांचं वेळापत्रक नसतं, तर नुसत्या भूखंडविक्रीच्या जोरावर हे तळं झालं नसतं असं मी ठामपणे म्हणेन.

खोदकाम २००६ मध्ये सुरू झालं. २५ लाख घनमीटरांच्या आसपास माती हलवली गेली. दूषित माती दूर कुठे नेऊन टाकण्याऐवजी बरीचशी त्याच परिसरात बंदिस्त करून तिचे उतार आणि टेकडी रचली. १ ऑक्टोबर २०१० ला तळं भरायला सुरुवात झाली आणि मे २०११ मध्ये कुंपण काढून ते लोकांना मोकळं केलं. सहा लाख घनमीटर पाणी, खोली साधारण तीन ते साडेचार मीटर.

उथळ पाणी आणि त्यात फॉस्फेट वाढलं की शेवाळ माजतं. म्हणून काठावर फॉस्फेट काढून टाकणारं यंत्र बसवलेलं आहे, तळ्याचं पाणी त्यातून फिरवलं जातं. ज्या गावाने १८७९ मध्ये लोखंडातून फॉस्फरस काढायची विद्या युरोपच्या मुख्य भूमीला दाखवली, तेच गाव आज पाण्यातून तोच फॉस्फरस काढत बसलंय. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते, आणि तळ्याकाठच्या त्या कन्व्हर्टरजवळ ती लोकांना सांगायला हवी. पाणी इतकं स्वच्छ झालं की ऊन तळापर्यंत पोहोचतं आणि आता शेवाळाऐवजी पाणवनस्पती माजतात. त्या कापायला खास बोटी फिरवाव्या लागतात. पोहायला परवानगी नाही.

पोटापाण्याचा हिशेब

आता दुसरी बाजू. कारखाना बंद होताना शहर, थिसेनक्रुप आणि एक मोठी सल्लागार कंपनी यांनी मिळून ‘डॉर्टमुंड प्रकल्प’ नावाचा कार्यक्रम जाहीर केला होता. दहा वर्षांत ७० हजार नव्या नोकऱ्या, हे त्याचं उद्दिष्ट. भर तीन क्षेत्रांवर : माहिती तंत्रज्ञान, मालवाहतूक-साठवणूक आणि अतिसूक्ष्म यंत्रभागांचं तंत्रज्ञान. पाया अगदीच नव्हता असं नाही. विद्यापीठ १९६८ पासून होतं, त्याच्या शेजारी तंत्रज्ञान केंद्र १९८५ पासून. ह्योर्डेच्या पश्चिमेला, जुन्या झोतभट्टीच्या पायथ्याशी, सूक्ष्मतंत्रज्ञानाच्या नवोदित कंपन्यांसाठी २००५ मध्ये इमारत उघडली.

७० हजारांचा आकडा त्या मुदतीत गाठला गेला नाही. पुढच्या दशकात शहरातला एकूण रोजगार वाढला, ते श्रेय द्यायलाच हवं. पण या नोकऱ्या कोणाला मिळाल्या? पन्नाशीतल्या भट्टीवाल्याला सूक्ष्मतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत जागा नसते. जर्मनीत अशा कामगारांना वाऱ्यावर सोडलं जात नाही, हे खरं : कामगार संघटनेने वाटाघाटी करून मुदतपूर्व निवृत्ती, ड्युसबर्गला बदली, भरपाई या सोयी करून घेतल्या. उपासमार झाली नाही. पण त्यांच्या मुलांना शाळा संपल्यावर ज्या दारातून आत जाता येत होतं, जिथे कारखानाच काम शिकवायचा आणि पुढची चाळीस वर्षं पगार द्यायचा, ते दार बंद झालं. कमी शिकलेल्या तरुणासाठी आता जे काम आहे ते मुख्यतः गोदामात. होएशच्या उत्तरेकडच्या जुन्या जमिनीवर आज मोठमोठी गोदामं उभी आहेत, त्यात अमेझॉनचंही आहे. पगार आणि नोकरीची खात्री या दोन्ही बाबतींत पोलादाशी त्याची तुलना होत नाही. डॉर्टमुंडमधली बेकारी अजूनही जर्मनीच्या सरासरीहून बरीच जास्त आहे.

आणि तळ्याकाठी कोण राहतं? भूखंड विकूनच खर्च भरायचा असल्यामुळे ते श्रीमंतांकडे जाणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. दक्षिण उतारावर डॉक्टर, वकील, उद्योजकांची घरं झाली. बँक कर्मचाऱ्यांना शिक्षण देणारी अकादमी जुन्या गढीपाशी आली. तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर जुनं ह्योर्डे आहे : कामगारांच्या चाळवजा इमारती, तुर्की किराणा दुकानं, कोपऱ्यावर बीअर, सिगारेट आणि चॉकलेट विकणारी टपरी. तिथे घरभाडी वाढत गेली. तळ्याचा काठ सगळ्यांना खुला आहे, रविवारी तिथे बुरख्यातल्या आज्या आणि व्हीलचेअरवरचे जुने कामगार दोघंही दिसतात, हे शहराने नक्कीच नीट केलं. पण काठावरून फिरता येणं आणि काठावर राहता येणं यात मोठं अंतर आहे. सुरुवातीलाच काही टक्के घरं परवडणाऱ्या भाड्याची राखून ठेवली असती तर भूखंडविक्रीचं उत्पन्न कमी झालं असतं, पण ह्योर्डेचे लोक ह्योर्डेत राहिले असते. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यांत मोठी उणीव हीच.

पोलाद पूर्ण गेलं असंही नाही. डॉर्टमुंडमध्ये पत्र्यावर जस्ताचा थर देण्याचं काम आजही चालतं, मोटारींच्या कारखान्यांसाठी. होएश समूहातूनच वाढलेली रोटे एर्डे ही कंपनी अवाढव्य आकाराची बेअरिंगं बनवते, पवनचक्क्यांची पाती आणि क्रेनची बैठक ज्यांच्यावर फिरते ती. तिचा एक कारखाना आपल्याकडे नाशिकजवळ गोंदे परिसरात आहे. म्हणजे डॉर्टमुंडच्या पोलादी परंपरेतलं एक कसब इगतपुरी तालुक्यातल्या कामगारांच्या हातातही आहे. चीनला गेलेला कारखाना जगभर गाजला. ही वाट मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही, आणि तंत्रज्ञान असं शाखा काढूनही देश ओलांडतं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

काय जपलं

संस्कृतीच्या बाबतीत डॉर्टमुंडने घाई केली नाही. शहराच्या पश्चिमेला त्सोलर्न खाणीचं यंत्रघर आहे, दारावर रंगीत काचा आणि आत संगमरवरी नियंत्रण फलक. ते पाडायचं ठरलं होतं, पण कलावंत आणि छायाचित्रकारांनी आवाज उठवला आणि १९६९ मध्ये त्याला संरक्षण मिळालं. कारखान्याच्या इमारतीला राजवाड्यासारखं जपायचं ही कल्पना जर्मनीत तेव्हा नवीन होती. युनियन बीअर कारखान्याचा १९२७ चा मनोरा, माथ्यावर सोनेरी ‘यू’ अक्षर असलेला, २०१० मध्ये कलाकेंद्र म्हणून उघडला. त्या वर्षी एसेन आणि रूर खोऱ्याला युरोपची सांस्कृतिक राजधानी हा मान होता. ह्योर्डेच्या पश्चिमेच्या झोतभट्ट्या पाडल्या नाहीत, त्या तशाच गंजलेल्या उभ्या आहेत आणि त्यांच्या सावलीत एक जुनी स्थानिक बीअर पुन्हा गाळली जाते.

होएश कारखान्याच्या जुन्या प्रवेशद्वाराशेजारच्या इमारतीत २००५ पासून संग्रहालय आहे. त्याच्या कामात जुने कामगार स्वतः भाग घेतात. हे मला तळ्याइतकंच मोलाचं वाटतं. रोलिंग मिलवर काम केलेला माणूस शाळकरी मुलांना हातमोजा घालून दाखवतो तेव्हा त्याच्या कामाला नाव असतं, जागा असते.

आणि अर्थात फुटबॉल. बोरुसिया डॉर्टमुंड हा क्लब १९ डिसेंबर १९०९ ला बोर्सिगप्लात्स चौकाजवळच्या एका खानावळीत स्थापन झाला, होएशच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. चर्चच्या युवक मंडळातल्या पोरांनी पाद्र्याचा विरोध मोडून तो काढला. आज त्याच्या मैदानाच्या दक्षिण सज्ज्यात जवळपास २५ हजार लोक उभ्याने सामना पाहतात. उभ्याची तिकिटं मुद्दाम स्वस्त ठेवली आहेत. कारखाना गेला तरी शनिवारी दुपारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांत एकत्र जमायची सवय राहिली. खाणीत आलेल्या पोलिश कुटुंबांची चौथी-पाचवी पिढी आणि १९६१ च्या करारानंतर आलेल्या तुर्की कामगारांची नातवंडं तिथे खांद्याला खांदा लावून उभी असतात.

पुढचा टप्पा

पुढची परीक्षा आता शहराच्या वायव्येला आहे. २०२७ च्या आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शनाचं एक मुख्य ठिकाण हुकार्डे भागात, जुन्या हान्सा कोक कारखान्याच्या आणि एम्शरच्या आजूबाजूला ठरलं आहे. तिथेही पडीक जमीन आहे, साफ झालेली नदी आहे, शेजारी कामगारवस्ती आहे. बागा, पूल आणि पायवाटा होणार हे निश्चित, त्या कामात डॉर्टमुंडचा हात बसलेला आहे. बघायचं ते हे की प्रदर्शन संपल्यावर आसपासची घरं कोणाच्या मालकीची असतील, त्यांतली किती महापालिकेच्या गृहसंस्थेकडे राहतील, आणि हुकार्डेतल्या पोरांना शिकाऊ उमेदवारीच्या किती जागा जवळच्या जवळ मिळतील. ह्योर्डेत हे प्रश्न भूखंड विकून झाल्यावर विचारले गेले. हुकार्डेत ते आत्ता, करार होण्याआधी विचारता येतील.